आधी प्लायच्या पाठीचं बघा

ट्रॅव्हलर व्हॅनचं फिरतं घर करताना आतल्या प्लायवर सागाचं व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावून मेलामाइन पॉलिश (चकचकीत रासायनिक पॉलिश) करावं की सरळ सनमाइका, आणि काम जूनच्या आत उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना आमची मुलुंडची गाडी डोळ्यांसमोर आली. आम्हीही यावरच दोन महिने घासाघीस केली. मी सुतार नाही, एकच गाडी दोनदा केली आहे, तेवढ्यावरून सांगते.

सनमाइका की पॉलिश, हे नंतर. प्लायच्या पाठीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याकडच्या बाजूला काय लावणार? आमच्या सुताराने पुढून पॉलिश करून आरसा केला आणि मागची बाजू कोरी ठेवली. "ती कोणाला दिसतेय?" म्हणाला, आम्ही मान डोलावली. त्यात प्लाय साधं एमआर, म्हणजे थोडाफार दमटपणाच सोसणारं. पावसात काचा बंद करून झोपायचो, श्वासाची वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन उतरायची. ऑगस्टमध्ये पलंगामागचं पॅनेल फुगलेलं लागलं म्हणून उघडलं, तर ग्लासवूल (उष्णता अडवायला भरलेला काचेचा कापूस) भिजल्या गोधडीसारखं जड आणि प्लायच्या पाठीवर काळपट हिरवी बुरशी. पुढचं पॉलिश तेव्हाही चकचकीत होतं! कोरी बाजू ओल पिते, फुगते आणि पॅनेलला बाक येतो. सगळी पॅनेलं टाकावी लागली. त्या पैशांपेक्षा वाया गेलेल्या लाकडाचं अजून वाईट वाटतं.

म्हणून आयएस ७१० या भारतीय मानकाचं, पाणी सोसणारं मरीन प्लाय घ्या आणि बसवण्याआधी दोन्ही बाजू, कापलेली प्रत्येक कड, स्क्रूचं प्रत्येक भोक पीयू (पॉलियुरेथेन) सीलरने, म्हणजे ओल अडवणाऱ्या थराने, बंद करा. भिंतींना ६ मिमी पुरे; १८ मिमीची आठ बाय चारची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते.

माझं मत विचाराल तर ओट्यावर सनमाइका, बाकी मॅट पीयू पॉलिश. सनमाइका लावलीत तर मागूनही लायनर (पाठीला लावायचा पातळ लॅमिनेट) हवाच. छताला मात्र नको, उन्हात साधा चिकटपदार्थ मऊ पडून कडा सुटतात. मेलामाइन दमट हवेत पांढरं पडतं आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. एवढ्याशा बंद जागेत मी तरी ते करणार नाही. म्हणून पॉलिश पावसाआधी, मेमध्येच संपवा.

सीट काढणार असाल तर आधी आरटीओची परवानगी (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२). आम्हाला एका कार्यालयात तीन खिडक्यांवर तीन उत्तरं मिळाली, म्हणून जे सांगतील ते लेखी घ्या.

आणि प्लाय घेण्याआधी दुकानातून एक तुकडा मागून आणा. जुन्या पातेल्यात तीन-चार तास उकळा. थर सुटले तर शिक्का काहीही असो, ते घेऊ नका.