वाचकांचे प्रश्न : शाळेतलं स्तोत्र, बागेतला चौथरा

प्रश्न : मुलगी ठाण्यातल्या अनुदानित शाळेत सातवीत आहे. परिपाठात एका धर्माचं स्तोत्र सगळ्यांना म्हणावंच लागतं. आमचा धर्म वेगळा आहे. ही सक्ती चालते का? (एक पालक, कळवा)

उत्तर : नाही चालत. पण ‘स्तोत्र बंद करा’ असा अर्ज देऊ नका, तो तिथेच अडेल. संविधानाचं कलम २८ शाळेचा पैसा कुठून येतो ते बघतं. महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची, म्हणजे पूर्ण सरकारी पैशावर चालणारी शाळा धार्मिक शिक्षण देऊच शकत नाही. अनुदानित किंवा नुसती मान्यता असलेली शाळा देऊ शकते. मात्र २८(३) प्रमाणे त्यात किंवा उपासनेत विद्यार्थ्याला संमतीशिवाय बसवता येत नाही आणि मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकाची लागते. म्हणून मागणी आपल्या मुलीपुरतीच ठेवा.

मुख्याध्यापकांच्या नावे दोन प्रतींत पत्र द्या : ‘कलम २८(३) नुसार माझी संमती नाही, तेवढा वेळ तिला वर्गात बसू द्यावे.’ एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणालाच आठवत नाही. दाद लागली नाही तर पोच जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शाळेतून काढतील अशी धास्ती असेल, तर १९८६ चा निकाल लक्षात ठेवा : राष्ट्रगीताला आदराने उभी राहणारी, पण धर्मश्रद्धेमुळे ते न गाणारी केरळमधली तीन मुलं शाळेने काढली होती, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं.

आणि हो, मराठीच्या पुस्तकातला तुकोबांचा अभंग या तक्रारीत ओढू नका. धर्माविषयी शिकवणं म्हणजे धर्माचं शिक्षण नव्हे, हा फरक न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे.

प्रश्न : आमच्या सेक्टरमधल्या सार्वजनिक बागेत कुणीतरी चौथरा बांधून मूर्ती ठेवली आहे. तक्रार केली तर धर्मस्वातंत्र्याआड येतो का? (नेरूळ)

उत्तर : अजिबात नाही. रस्ते, बागा, सार्वजनिक जागांवर नवं प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, आणि तो सर्व धर्मांना लागू आहे. त्याआधीच्या बांधकामांचा निर्णय प्रकरणागणिक होतो : नियमित करायचं, हलवायचं की पाडायचं. गोम इथेच आहे. चार महिन्यांपूर्वीचा चौथरा ‘आजोबांच्या वेळचा’ होतो. तारीख दिसेल असे फोटो आजच काढा. छप्पर आणि वीजजोडणी येण्याआधीचे फोटो सर्वांत कामाचे.

तक्रारीआधी भूखंड कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा. नवी मुंबईत जागा सिडकोची की महापालिकेला हस्तांतरित झालेली, यावर अर्ज कुठे द्यायचा ते ठरतं. नाहीतर दोन्हीकडून ‘आमच्याकडे येत नाही’ ऐकावं लागेल. अर्जात सेक्टर, भूखंड क्रमांक, अंदाजे लांबी-रुंदी लिहा. मूर्ती कोणाची, याचा उल्लेखही नको. उत्सवाचा मांडव वेगळा, त्याला मुदतीची परवानगी मिळते. मांडवाखाली सिमेंट ओतलं की तो मांडव राहत नाही.

प्रश्न : माझा कर धार्मिक कामांवर खर्च होतो. कलम २७ दाखवून तो भरायचं नाकारता येईल? (ऐरोली)

उत्तर : नाही. ज्या कराचं उत्पन्न एका धर्मासाठीच राखून ठेवलेलं असतं, त्या कराची सक्ती कलम २७ रोखतं. २०११ मध्ये हज अनुदानाच्या खटल्यात न्यायालय म्हणालं, एकूण करातला मोठा हिस्सा एका धर्मावर गेला तरच कलमाचा भंग होतो. याचिका फेटाळली गेली. नाशिकच्या कुंभमेळ्यातले नळ आणि शौचालयं तर गर्दीची सोय म्हणूनच धरली जातात. उलट कलम २९०क मध्ये त्रावणकोर देवस्वम निधीला, म्हणजे तिथल्या मंदिरांच्या निधीला, केरळने दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये द्यावेत, असं संविधानातच लिहिलेलं आहे. तेव्हा मालमत्ता कर मुदतीत भरा, नाहीतर दंड चढत जाईल.