वाचकांचे प्रश्न : लॉ सीईटी, मराठीतला पेपर आणि प्रवेशाची कागदपत्रे

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे फिरत्या खंडपीठाचे, काम सुरू झाले आणि आमच्याकडे कायद्याच्या शिक्षणाविषयी विचारणारी पत्रे वाढली. त्यांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

बारावी कला शाखेत आहे. शिक्षण सगळे मराठी माध्यमातून झाले. पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटी मराठीतून दिली तर चालते का? त्यात नुकसान तर होत नाही?
– एक विद्यार्थिनी, गारगोटी

चालते. राज्य सीईटी कक्षाची ही परीक्षा संगणकावर होते आणि प्रश्न इंग्रजी व मराठीत असतात. 120 प्रश्न, 120 गुण, दोन तास. विधी अभिक्षमता म्हणजे लीगल अॅप्टिट्यूडचे 32 प्रश्न, तर्कक्षमतेचे 32, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचे 24, इंग्रजीचे 24 आणि गणिताचे 8. इंग्रजीचे 24 प्रश्न मात्र इंग्रजीतूनच सोडवायचे असतात, तिथे माध्यमाची सवलत नाही. रोज एक उतारा आणि दहा शब्द एवढे आजपासून करा.

मराठीतून पेपर देणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच आहे. आपली बोलण्याची मराठी आणि कायद्याची मराठी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘अज्ञान’ हा शब्द घ्या. घरात त्याचा अर्थ माहिती नसलेला. कायद्यात ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेला. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर कधी ‘अ.पा.क.’ असा शेरा पाहिला असेल, तो ‘अज्ञान पालक कर्ता’ यातलाच. असेच ‘संविदा’ म्हणजे करार, ‘प्रतिफल’ म्हणजे कराराचा मोबदला, ‘अपकृत्य’ म्हणजे टॉर्ट (जिची भरपाई मागता येते अशी दिवाणी चूक), ‘हयगय’ म्हणजे निष्काळजीपणा. परीक्षेत असा शब्द पहिल्यांदाच दिसला तर प्रश्न सोपा असूनही हातचा जातो. म्हणून दोन रकान्यांची वही करा. डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी संज्ञा देवनागरीत. दीडशे-दोनशे शब्द झाले की बरेच काम होते. पेपर सोडवताना एखादे मराठी वाक्य अडले तर इंग्रजी वाक्यही वाचा. अनुवादात गुंता झालेला असला तर तो तिथे लगेच सुटतो.

आता एक प्रश्न जवळून पाहू. नियम दिला आहे : अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. हकीकत अशी : सतरा वर्षांच्या मुलाने ‘मी एकोणीस वर्षांचा आहे’ असे सांगून चाळीस हजारांची जुनी मोटारसायकल उधारीवर नेली. नंतर पैसे द्यायला नकार दिला. विक्रेत्याने कराराच्या आधारे पैशांसाठी दावा लावला. बहुतेक विद्यार्थी ‘मुलगा खोटे बोलला म्हणून विक्रेता जिंकेल’ या पर्यायावर खूण करतात. आपल्याला विक्रेत्याची कीव येते आणि हात तिकडे वळतो. पण नियमात खोटे बोलण्याचा अपवाद कुठे आहे? नाही. करारच नसेल तर कराराच्या आधारे दावा टिकणार कसा? बरोबर उत्तर : दावा टिकणार नाही. गाडी परत मिळण्याचा मुद्दा वेगळा, तो इथे विचारलेलाच नाही. हे तत्त्व मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या 1903 सालच्या प्रिव्ही कौन्सिलच्या निकालातून पक्के झाले. निकालाचे नाव थेट विचारले जाऊ शकते, म्हणून तेही वहीत लिहा. पण सवय लावायची ती ही : आधी नियम, मग हकीकत, आणि मनाला काय बरे वाटते ते बाजूला.

दोन तासांत 120 प्रश्न होतच नाहीत. सराव पेपरात पंचवीस-तीस प्रश्न राहून जातात.
– बारावीचा विद्यार्थी, पेठवडगाव

सगळ्या प्रश्नांना सारखा एक मिनिट देत असाल, तिथेच घोटाळा आहे. सामान्य ज्ञान एक तर येते, नाही तर येत नाही. तिथे पंचवीस सेकंद पुरतात, म्हणजे 24 प्रश्न दहा मिनिटांत. इंग्रजीला चाळीस सेकंदांप्रमाणे सोळा मिनिटे, लीगलला बत्तीस, तर्काला सव्वा मिनिटाप्रमाणे चाळीस, गणिताला दीड मिनिटाप्रमाणे बारा. झाली एकशे दहा मिनिटे. उरलेली दहा खूण करून मागे ठेवलेल्या प्रश्नांसाठी.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न रिकामा ठेवू नका. शेवटची तीन मिनिटे राहिली की वाचायचे थांबवा आणि उरलेल्या प्रश्नांवर उत्तरे नोंदवून टाका. चार पर्यायांत डोळे मिटून बारा उत्तरे दिली तरी सरासरी तीन बरोबर येतात. सराव मोबाइलवर करू नका. मोठ्या पडद्यावर माउस हातात घेऊन, पूर्ण दोन तास न उठता, आठवड्यातून निदान एक पेपर सोडवा.

चालू घडामोडींसाठी कोणते पुस्तक घ्यावे?
– अनेक वाचक

पुस्तकापेक्षा रोजचे वर्तमानपत्र, पण वाचायची पद्धत बदला. आपल्याच शहरातली बातमी घ्या. सर्किट बेंचचे उद्घाटन 17 ऑगस्ट 2025 रोजी झाले. उद्घाटन कोणी केले? तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी. ते देशाचे 52 वे सरन्यायाधीश, त्यांच्यानंतर 53 वे सूर्य कांत. बेंचच्या अखत्यारीत किती जिल्हे? सहा : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. कोणत्या कायद्याने? राज्य पुनर्रचना कायदा 1956, कलम 51(3). मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना कधी? 1862. आता संविधानाकडे या. प्रत्येक राज्याला उच्च न्यायालय : अनुच्छेद 214. न्यायाधीशांची नेमणूक : 217. रिट, म्हणजे न्यायालयाचा लेखी आदेश, काढण्याचा अधिकार : 226, आणि सर्वोच्च न्यायालयाला मूलभूत हक्कांसाठी तो अधिकार 32 खाली. निवृत्तीचे वय उच्च न्यायालयात 62, सर्वोच्च न्यायालयात 65. एका बातमीतून दहा प्रश्न तयार झाले. रोज अशी एकच बातमी पुरे, पण ती अशी पिळून घ्या.

थोरल्या भावाची जुनी गाइडे वापरत असाल तर सावध राहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. खुनाच्या शिक्षेचे जुने 302 आता 103 झाले आहे. फसवणुकीचे सगळ्यांच्या तोंडी असलेले 420 आता 318 मध्ये गेले. जुन्या गाइडातली संविधानाची आणि करार कायद्याची प्रकरणे अजून चालतात, फौजदारीची पाने मात्र बाजूला काढा.

मुलगी अकरावीत आहे. क्लॅटही द्यायची म्हणते. दोन्हीची तयारी एकत्र होते का?
– पालक, इचलकरंजी

अर्धीअधिक होते. पण दोन पेपरांचा स्वभाव वेगळा आहे, हे तिला आधीच समजू द्या. क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा, फक्त इंग्रजीत, कागदावर, आणि अलीकडच्या वर्षांत डिसेंबरच्या सुरुवातीला होते. सगळा पेपर उताऱ्यांवर असतो, सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा आणि त्याखाली प्रश्न. तिथेही 120 प्रश्न आणि दोन तास, पण प्रत्येक चुकीला पाव गुण जातो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला क्लॅटमधून जाता येते. सीईटीतून मिळतात ती राज्यातली इतर लॉ कॉलेजे. त्यांत कोल्हापुरातली शहाजी लॉ कॉलेज आणि भारती विद्यापीठाचे न्यू लॉ कॉलेज ही आली.

अकरावीपासून वर्ष-दीड वर्ष हाताशी आहे, तेव्हा क्लॅट धरून तयारी करावी आणि डिसेंबरनंतर सीईटीकडे वळावे. उलटे केले तर जमत नाही. पाठांतरावर सीईटीत बऱ्यापैकी गुण मिळतात, साडेचारशे शब्दांचा उतारा पाठांतराने सुटत नाही. क्लॅटमध्ये दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढे कळले तर उरलेल्या दोघांतून एक निवडावा. असे बारा प्रश्न घेतले तर सहा बरोबर आणि सहा चूक धरून साडेचार गुण पदरात पडतात. एकही पर्याय वगळता येत नसेल तर तो प्रश्न सोडून पुढे जा, तिथे घालवलेला वेळ परवडत नाही.

वय 38. शिरोली एमआयडीसीत नोकरी. पदवी मुक्त विद्यापीठाची आहे. तीन वर्षांची एलएलबी करता येईल का?
– वाचक, कोल्हापूर

वयाची अडचण नाही. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी 45 टक्के, इतर मागासवर्गासाठी 42 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के लागतात. 44.8 म्हणजे 45 असे धरून चालू नका.

पदवी मुक्त विद्यापीठाची असणे हाही अडसर नाही. विचारायचे ते वेगळे : तुम्ही बारावी होऊन पदवी केलीत, की बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठात गेलात? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांप्रमाणे मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालत नाही. दहावी, बारावी, पदवी अशा तिन्ही गुणपत्रिका ओळीने समोर ठेवा. मधली पायरी गाळलेली असेल तर सीईटीचे पैसे भरण्याआधी थांबा. परीक्षा देता येते, निकालही लागतो, आणि कागदपत्रांच्या तपासणीत अर्ज अडतो. तोवर वर्ष गेलेले असते.

तीन वर्षांच्या सीईटीतही 120 प्रश्न असतात, पण वाटणी निराळी : इंग्रजी 40, सामान्य ज्ञान 32, लीगल 24, तर्क 24. गणित नाही. इंग्रजी एक तृतीयांश आहे, हे नोकरदारांच्या लक्षात उशिरा येते.

नोकरीबद्दल स्पष्टच सांगतो. बार कौन्सिलच्या नियमांत 70 टक्के हजेरी सांगितली आहे आणि दूरशिक्षणाने केलेली एलएलबी वकिलीला चालत नाही. सलग पहिली पाळी किंवा रात्रपाळी मिळते का, हे कंपनीत आधी विचारा. पुढे सनद घेऊन वकिली करायची तर पूर्णवेळ पगारी नोकरी सोडावी लागते.

आम्ही निपाणीचे. मुलाचे शिक्षण मराठी शाळेत, पीयूसी कर्नाटक बोर्डातून. कोल्हापुरात लॉला प्रवेश मिळेल का?
– पालक, निपाणी

मिळू शकतो. पीयूसीचे दुसरे वर्ष बारावीच्या बरोबरीचे धरले जाते. सीमाभागातल्या 865 गावांमधल्या, मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद असते. अर्जात उमेदवारीचा प्रकार निवडताना तोच निवडा. घाईत ‘महाराष्ट्राबाहेरील’ वर क्लिक झाले तर हक्काची जागा हातची जाते. गाव सीमाभागात असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, हे दोन कागद मुख्य. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले आहे ते आजच पाहा. तिथे चूक असेल तर दुरुस्तीला महिने लागतात. कन्नडमधल्या कागदांचे प्रमाणित भाषांतर करून घ्या. कर्नाटकात काढलेल्या जातीच्या दाखल्यावर मात्र इथल्या राखीव जागेचा भरवसा ठेवू नका.

मुलाला गेल्या वर्षी सीईटीत चांगले गुण पडले, तरी यादीत नावच आले नाही. असे का होते?
– पालक, मलकापूर, ता. शाहूवाडी

गुण असून नाव नसते, तेव्हा बहुधा कारण एकच : सीईटीचा अर्ज म्हणजे प्रवेशाचा अर्ज असे घरच्यांना वाटलेले असते. हे दोन अर्ज वेगळे आहेत. निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीय प्रवेशाची, नोंदणी नव्याने करावी लागते. तिथे कागदपत्रे चढवायची, ती तपासून घ्यायची, मग कॉलेजांचा पसंतिक्रम भरायचा. यातली एक पायरी चुकली की गुण वाया.

दुसरे कारण नेट कॅफे. अर्ज भरताना मोबाइल आणि ईमेल कॅफेवाल्याचा टाकतात. दोन महिन्यांनी त्रुटीचा मेसेज त्याच्या फोनवर जातो, ओटीपीही तिकडेच. अर्ज कुठेही भरा, नंबर घरातलाच द्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसे आहे तसेच, त्याच क्रमाने भरा.

प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी आणि एसईबीसी यांना नॉन-क्रिमीलेअरही हवे. त्यावरची मुदत बघा : 2026-27 च्या प्रवेशासाठी ते 31 मार्च 2027 पर्यंत वैध असले पाहिजे. जुनी मुदत संपलेला दाखला चढवला की अर्ज खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. वैधतेचा अर्ज परीक्षेची वाट न पाहता आताच जिल्हा जात पडताळणी समितीकडे करा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला किंवा जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा शोधण्यातच जास्त दिवस जातात, आणि मे-जूनमध्ये सगळा जिल्हा त्याच खिडकीवर असतो.

पसंतिक्रमात पहिल्या ओळीवर असेच कॉलेज ठेवा, जे मिळाल्यावर घरात पुन्हा चर्चा करावी लागणार नाही. शाहूवाडीहून रोज येऊन-जाऊन करणार असाल तर एसटीची पहिली गाडी आणि कॉलेज भरण्याची वेळ जुळते का, तेही ती ओळ भरण्याआधीच पाहून घ्या.