बारीक कोकिंग कोळसा: स्पायरल घेण्याआधी हे तपासा

अर्ध्या मिलिमीटरखालच्या कोकिंग कोळशाची (पोलादासाठी कोक बनवायच्या कोळशाची) राख, म्हणजे जळून उरणारा खनिज भाग, फ्लोटेशनशिवाय (हवेच्या बुडबुड्यांच्या फेसात कोळसा वर आणण्याच्या पद्धतीशिवाय), नुसत्या स्पायरलवर (वाहत्या पाण्यात हलके-जड कण वेगळे करणाऱ्या सर्पिल पन्हळीवर) दहा टक्क्यांपर्यंत आणता येईल का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक कोळशांबाबत माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. स्पायरलचा कट, म्हणजे हलका कोळसा आणि जड दगड वेगळे होण्याची सीमा, साधारण १.६ ते १.८ घनतेला पडतो, त्याखाली फारसा ओढता येत नाही. कोकिंगच्या राखेला बऱ्याचदा १.४ ते १.५ चा कट लागतो. त्यामुळे कोळसा आणि दगड एकत्र गुंतलेले मधल्या घनतेचे कण स्वच्छ मालातच राहतात. थर्मल (वीजनिर्मितीच्या) कोळशात ते खपून जातं, इथे नाही.

म्हणून यंत्राचा विचार नंतर. आधी नमुना ०.२५ आणि ०.१ मिमीवर चाळा, तिन्ही भागांची राख काढा आणि वरच्या दोन भागांची फ्लोट-सिंक चाचणी (ठरावीक घनतेच्या जड द्रवात काय तरंगतं, काय बुडतं ते बघणारी) करा. एवढा बारीक माल जड द्रवात नुसता सोडून भागत नाही, सेंट्रिफ्यूज लावा, नाहीतर कण नीट वेगळे होत नाहीत आणि आकडे फसवतात. कटाच्या घनतेच्या ०.१ वर-खाली बसणारा माल वीस टक्क्यांच्या पुढे गेला, तर स्पायरलचा नाद सोडा.

०.१ मिमीखालचा गाळ आधी सायक्लोनने (पाणी गरगर फिरवून कण वेगळे करणाऱ्या यंत्राने) काढलाच पाहिजे. हिशोब करून बघा: १.३ घनतेचा कोळसा पाण्यात ०.३ ने जड, २.४ ची शेल (मातीचा थरदार दगड) १.४ ने. इतक्या बारीक कणांचा बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर चालतो, त्यामुळे ०.१ मिमीचा कोळसा आणि साधारण ०.०४६ मिमीची शेल एकाच वेगाने खाली जातात. त्याहून बारीक माती तर पाण्याबरोबर थेट स्वच्छ मालात येते. स्पायरलचा माल बारीक चाळणीवर पुन्हा धुतला की राख लगेच उतरते; हे स्वस्त काम अनेक ठिकाणी उगाच टाळलं जातं.

०.२५ मिमीवरच्या भागासाठी मी टीटर्ड बेड सेपरेटर किंवा रिफ्लक्स क्लासिफायर सुचवेन. खालून येणाऱ्या पाण्यावर तरंगता थर धरून ते स्पायरलपेक्षा खाली कट देतात. मात्र फीडमध्ये (यंत्रात जाणाऱ्या मालात) कणांच्या आकाराची तफावत जास्त असेल, तर साध्या टीटर्ड बेडमध्ये मोठे कोळशाचे कण खाली, टाकाऊ मालात निसटतात.

फ्लोटेशन पूर्ण काढू नका, ०.२५ खालच्या भागाला ठेवा. पण कोळसा हवेने ऑक्सिडाइझ झाला असेल, तर त्याचा पृष्ठभाग तेल धरत नाही आणि फेसात येत नाही. घनता मात्र फारशी बदलत नाही, तिथे घनतेवर चालणारी गुरुत्व पद्धतच कामाला येते. पायराइट (लोह-गंधकाचं जड खनिज) चिकटलेल्या कणांचंही तसंच: फेसाबरोबर वर येणारे कण गुरुत्वाने खाली जाऊ शकतात.

सर्किट (यंत्रांची साखळी) जुळवताना सरासरी राखेकडे बघू नका. प्रत्येक यंत्रात स्वच्छ मालात जेमतेम शिरणाऱ्या शेवटच्या कणाची राख सारखी ठेवा. स्पायरल १.७ ला सोडला, की एकूण राख सांभाळायला जाड मालाचा हेवी मीडिया सायक्लोन (जड द्रव वापरून कोळसा वेगळा करणारा सायक्लोन) १.४ पर्यंत खाली आणावा लागतो आणि तिथला चांगला कोळसा रिजेक्टमध्ये (टाकाऊ मालात) जातो. हा तोटा बारीक मालाच्या हिशोबात दिसतच नाही, म्हणून दोन्ही सर्किटांचं उत्पादन एकत्र मांडा.