लहान मूल आजाराने गेलं तर ती ‘देवाची इच्छा’ असते का? ख्रिस्ती धर्मशास्त्र नेमकं काय म्हणतं?

तुम्ही विचारलंय: ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबातलं लहान मूल आजाराने गेलं, तेव्हा भेटायला येणारे ‘देवाची इच्छा’ म्हणत होते. ख्रिस्ती धर्म खरंच असं मानतो का? आणि पूर्वजन्म नाही, कर्मफळ नाही, तर दुःखाचा अर्थ तिथे लावतात कसा?

ज्या ढोबळ अर्थाने ते बोललं जातं, त्या अर्थाने नाही. देवाने इच्छिलेलं आणि देवाने घडू दिलेलं यांत मुख्य परंपरा फरक करते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाने तो नेमका मांडला: देव वाईटाची इच्छा करत नाही, ते घडण्याला मुभा देतो. सोळाव्या शतकातला प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेला मात्र हा भेद पुरेसा वाटत नाही, तिथे प्रत्येक घटना देवाच्या योजनेत धरली जाते. म्हणून कुटुंब कोणत्या मंडळीचं (चर्चचं) आहे, यावरही बोलण्याचा सूर बदलतो.

‘काहीतरी पाप असेल’ हे वाक्य आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतही ऐकू येतं. ते येशूच्या तोंडचं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. लूकच्या १३व्या अध्यायात शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, या प्रश्नालाही तो ‘नाही’च म्हणतो. पापाचं फळ आणि आज्ञापालनाचा आशीर्वाद हा हिशेब बायबलात आहे, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा (Deuteronomy) २८वा अध्याय त्यानेच भरलेला आहे. पण त्या हिशेबाला सर्वांत मोठं आव्हानही बायबलच्याच आत आहे, त्याबद्दल पुढे.

गोंधळ होतो तो तीन वेगळे प्रश्न एकात मिसळल्यामुळे. पहिला निव्वळ तर्काचा: देव सर्वसमर्थ, देव पूर्ण चांगला, तरी वाईट आहे, ही तीन विधानं एकत्र टिकतात का? १९५५ साली जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने ती टिकत नाहीत असं मांडलं. ॲल्विन प्लँटिंगाने १९७४ मध्ये उत्तर दिलं: खरोखर स्वतंत्र माणसं निर्माण करायची आणि ती कधीच चुकणार नाहीत याचीही हमी ठेवायची, हे सर्वसमर्थालाही शक्य नसेल. इथे लक्षात ठेवायचं ते असं की, देव वाईट का घडू देतो हे प्लँटिंगा सांगतच नाही. विसंगती सिद्ध होत नाही, एवढंच तो दाखवतो. ‘प्लँटिंगाने दुःखाचं कोडं सोडवलं’ असं कुणी म्हणालं, तर त्याने प्लँटिंगा नीट वाचलेला नाही.

दुसरा प्रश्न पुराव्याचा: जगातलं एवढं दुःख पाहता चांगला देव असेल असं वाटतं का? तत्त्वज्ञ विल्यम रो यांनी १९७९ मध्ये वणव्यात होरपळून काही दिवस तडफडत मेलेल्या हरणाच्या पाडसाचं उदाहरण घेतलं. कुणी पाहिलं नाही, कुणी काही शिकलं नाही. मग त्या वेदनेचा उपयोग काय? यावरचं नेहमीचं उत्तर असं की, आपल्याला कारण दिसत नाही म्हणून कारण नाहीच असं ठरत नाही. उत्तर चुकीचं नाही, पण ते फार ताणलं तर उलटतं. देवाची कारणं आपल्याला इतकी अगम्य असतील, तर देव चांगला आहे हे तरी आपण कशावरून ओळखलं?

तिसरा प्रश्न त्या आईबापांचा. त्यांना पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देणं ही निष्ठुर चूक आहे, मग ती उत्तरं कितीही बिनचूक असोत.

जुन्या उपपत्तींपैकी दोन माहीत असाव्यात. प्राचीन चर्चचा विचारवंत ऑगस्टीन (३५४–४३०) याच्या मते वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, ती चांगल्याची उणीव आहे, जसं आंधळेपण म्हणजे दृष्टीचा अभाव. ही उणीव जगात आली ती इच्छास्वातंत्र्याच्या गैरवापरातून. खून, छळ, युद्ध यांना हे लागू पडतं. मुलाच्या रक्ताच्या कर्करोगाला लावायला गेलं की आदामाच्या पतनापर्यंत, म्हणजे पहिल्या माणसाने देवाची आज्ञा मोडली तिथपर्यंत, मागे जावं लागतं, आणि माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षं प्राणी आजारी पडत आणि मरत होते, हे जीवाश्मांतून दिसतं. दुसरी वाट जॉन हिक यांनी १९६६ मध्ये दुसऱ्या शतकातला धर्मशास्त्रज्ञ इरेनियस याच्या आधारे मांडली: माणूस अपूर्ण घडवला गेला, आणि अडचणींच्या जगातच त्याचा आत्मा परिपक्व होतो. प्रौढ माणसाच्या संकटाबद्दल हे पटू शकतं. पण ज्या मुलाला वाढायला वेळच मिळाला नाही, त्याचं काय? म्हणून हिक यांना मृत्यूनंतरही ही वाढ चालू राहते आणि शेवटी सगळेच तरतात, असं मानावं लागलं. शिवाय एकाच्या मरणातून दुसऱ्याने शिकायचं, हा विचार मला नैतिकदृष्ट्या असह्य वाटतो.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये रोख बदलला. देव दुःखाबाहेर राहून ते इतरांना वाटून देत नाही, वधस्तंभावर तो स्वतः त्यात आहे. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बायबलातल्या २२व्या स्तोत्राची पहिली ओळ येशू मरताना उच्चारतो. कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ कार्ल राहनर यांचा आक्षेपही रास्त होता: देवही माझ्यासारखाच अडकला असेल, तर माझी सुटका कोण करणार? म्हणून वधस्तंभाबरोबर पुनरुत्थानही धरावं लागतं. नुसत्या सहवेदनेवर ख्रिस्ती आशा उभी राहत नाही.

माझ्या मते सर्वांत भक्कम आधार बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात आहे, आणि पापाच्या हिशेबाला मोठं आव्हानही तेच. ४२ अध्याय. नीतिमान ईयोबाची मुलं, संपत्ती आणि आरोग्य सगळं जातं. मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री गप्प बसतात, तोवर सगळं ठीक असतं. मग ते तोंड उघडतात आणि कर्मफळाचाच हिशेब मांडतात: तुझ्या हातून काही घडलं असणार. ईयोब देवावरच फिर्याद करतो. ३८व्या अध्यायापासून देव बोलतो, पण कारण सांगत नाही. शेवटी ४२:७ मध्ये देव रागावतो तो देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर, आणि ईयोब यथार्थ बोलला असं म्हणतो. तक्रार म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे यातून निघतं. विलापाच्या स्तोत्रांचा साचाही असाच असतो: हाक, तक्रार, मागणी, मग विश्वासाचा उच्चार. ८८व्या स्तोत्रात तो शेवटचा भाग येतच नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते प्रार्थनासंग्रहात ठेवलेलं आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला कृतीने उत्तर देणाऱ्या पंडिता रमाबाई आठवतात. स्वतःचे आईवडील दुष्काळाच्या काळात गमावलेल्या रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा केडगावला आणल्या.

त्या कुटुंबाला भेटायला जाल, तेव्हा कारण सांगू नका. ‘देवाला तो जास्त आवडला’, ‘तुमची परीक्षा आहे’, ‘दुसरं मूल होईल’ ही तिन्ही वाक्यं टाळा. मुलाचं नाव घेऊन बोला, कारण बहुतेक लोक ते नाव घ्यायचंच थांबवतात. आई देवावर चिडली, तर देवाची वकिली करू नका. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं, महिन्याभराने ते रिकामं होतं. जेवणाचा डबा तेव्हा न्या. त्यांनी वाचायला मागितलंच, तर ईयोब १ ते ३, मग ३८ ते ४२, आणि स्तोत्र १३ सुचवा. रोमकरांस पत्रातलं ८:२८, ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’, ते सुटं देऊ नका. १८व्या वचनापासून वाचायला सांगा, म्हणजे आधी सगळी सृष्टी कण्हत असल्याचं येतं, मग काय मागावं हे न सुचणाऱ्यासाठी आत्मा कण्हत असल्याचं येतं, आणि मगच ते वचन.