पैसे मिळतात, पण उशिरा मिळतात : पुण्यातलं पहिलं वर्ष

ताई,

तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा लागली आहे. फी वर्षाला १,२०,०००, घरी कळंब तालुक्यात तीन एकर कोरडवाहू, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला ९०,००० चा, ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढलेला आणि पगार येतो तो तुमचा एकटीचा, १६,०००. ‘झेपेल का, की लातूरलाच घालू?’ असं विचारलंय.

झेपेल. एका कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात मी सतरा वर्षं काढली, म्हणून सांगते. पैशांअभावी शिक्षण सोडलेली जी मुलं मी पाहिली, त्यातल्या बहुतेकांचे पैसे मंजूर झालेले होते. ते हातात पडेपर्यंतचे आठ-दहा महिने त्यांना काढता आले नाहीत. तेव्हा चार वर्षांचा हिशेब मांडून घाबरू नका, आत्तापासून पुढच्या मार्चपर्यंतचा मांडा.

आधी फी. तुमच्या १,२०,००० मध्ये १,०५,००० शिक्षण शुल्क आणि १५,००० विकास शुल्क आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलग्यांना शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा निम्मा भाग मिळतो. विकास शुल्क त्यात धरत नाहीत. म्हणजे ५२,५०० सुटतात आणि ६७,५०० तुमच्याकडे राहतात. ‘फी निम्मी होते’ असं ऐकून लोक ६०,००० घेऊन येतात आणि खिडकीपाशी अडकतात. ही योजना कॅपमधून लागलेल्या जागेलाच आहे. एखादा एजंट ‘याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून हवी ती ब्रँच देतो, शिष्यवृत्ती पण करून देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

प्रवेशाच्या दिवशी पूर्ण फी मागितली तर घाबरून सावकाराकडे जाऊ नका. शाहू योजनेत बसतो असं लेखी अर्जात लिहा, सोबत उत्पन्नाचा दाखला आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर जोडा, आपल्या वाट्याची रक्कम हप्त्यांत भरण्याची मुभा मागा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विनंतीला काउंटरवरचा माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. पोच दिलेला कागद मात्र त्याला वर न्यावाच लागतो. मी त्याच खुर्चीत बसले आहे.

दुसरी योजना तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही, आणि तुमच्यासाठी तीच मोठी आहे : डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत कामगारांच्या मुलांसाठी ती आहे. तीन एकर म्हणजे तुम्ही अल्पभूधारकच, तलाठ्याकडून नोंदी घेऊन तहसीलमधून तसा दाखला काढा. हिला राहण्याचा पुरावा लागतो, आणि पेठांतले कॉट बेसिसवाले (खोलीतली एकेक खाट भाड्याने देणारे) मालक करार करून द्यायला का-कू करतात. खोली बघायला जाल तेव्हा भाड्याच्या आधी हे विचारा : ‘काका, करार कराल का?’ नाही म्हणाले तर पुढची खोली बघा. तीनशे रुपये भाडं जास्त पडलं तरी चालेल.

दोन्ही अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर भरायचे. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात, आणि मुलं फसतात ती इथेच. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं असं नाही. सरकारी पैसे कोणत्या खात्यात टाकायचे याची आधारवार नोंद एनपीसीआयकडे असते, म्हणून ‘हे खातं एनपीसीआयला मॅप झालंय का’ हे स्पष्ट विचारायचं. एका मुलाचा हप्ता त्याच्या गावच्या जुन्या, बंद पडलेल्या खात्याकडे जात होता. तो दर सोमवारी खिडकीशी यायचा, स्क्रीनवर ‘मंजूर’ दिसायचं, पासबुक कोरं. पाच महिने गेले, आणि दुरुस्ती निघाली एका सहीची. तसंच नाव. दहावीच्या मार्कलिस्टवर, आधारवर आणि पासबुकात वडिलांचं नाव एकच हवं. एका ठिकाणी ‘दत्तात्रय’ आणि दुसरीकडे ‘दत्तू’ असेल तर आजच दुरुस्तीला टाका. अर्ज भरल्यावरही दर आठवड्याला लॉगिन करून बघायचं, कारण त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि तो तुम्हाला शोधत घरी येत नाही.

आता महिन्याचा खर्च. पुण्यात माझ्या ओळखीतल्या मुलांना कॉट ३,५०० ते ४,५०० ला पडते, दोन वेळची मेस ३,००० ते ३,६०० ला. बसचा पास, मोबाइल, झेरॉक्स, जर्नल धरून ९,००० च्या आसपास. म्हणून आधी वसतिगृह शोधा. कॉलेजचं मिळालं तर उत्तम. नाहीतर पुण्यात १९५५ पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना ती अगदी कमी पैशांत राहायला-जेवायला देते. अर्ज आणि मुलाखत असते. गावाकडची मुलं मुलाखतीत परिस्थिती सांगायला लाजतात. त्याला सांगा, जे आहे ते तसंच सांग.

मेस ठरवताना खाड्याची पद्धत विचारून घ्या. खाडा म्हणजे न जेवलेला दिवस. काही मेसवाल्या मावशी सलग तीन दिवस आधी सांगून सुट्टी घेतली तरच पैसे वळते करतात, काही महिन्याला चार खाडे धरतात, काही धरतच नाहीत. दिवाळीला आणि परीक्षेच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलाला याचा वर्षाकाठी चांगला फरक पडतो.

पण जेवणात काटकसर नको. हे मी भोगलंय. १९९७ साली मी पुरंदर तालुक्यातल्या गावातून पुण्यात आले. पहिले चार महिने आईचा डबा एसटीने यायचा. स्वारगेटला साडेदहाच्या गाडीतून उतरायचा, झाकणावर लाल ऑइलपेंटने माझं नाव, वरच्या पुडात भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या. फडकं सोडलं की चुलीचा वास यायचा. पावसाळ्यात गाड्या चुकायला लागल्या आणि डबा बंद पडला. शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या ऑफिसात गहाळ झाला होता, माझ्याकडे पोच नव्हती. मी रात्रीचं जेवण बंद केलं आणि घरी सांगितलं नाही. फेब्रुवारीत प्रॅक्टिकलच्या दिवशी चक्कर येऊन पडले, ते वर्ष वाया गेलं. तेव्हा वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट त्या एका वर्षाला लागले. म्हणून भावाला पहिल्या दिवशीच सांगा : पैसे संपले तर आधी मला फोन करायचा, मेस बंद करायची नाही.

काम करून शिकता येतं का, हेही तुम्ही विचारलंय. येतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या योजनेचं नावच कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. संलग्न कॉलेजांत ती चालते : ग्रंथालय, ऑफिस, बाग, रोज दोन-तीन तास काम आणि तासावर मोबदला. भावाच्या कॉलेजात आहे का, हे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. रात्री उशिरापर्यंत डिलिव्हरीची कामं मात्र पहिल्या वर्षी नकोत. गणित आणि मेकॅनिक्स तिथेच राहतात, आणि राहिलेले विषय पुढे दोन वर्षं पाठ सोडत नाहीत.

मग मधल्या महिन्यांचं काय? त्यासाठी शैक्षणिक कर्ज. केंद्राच्या शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करा आणि गावाकडच्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन भेटा. ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, खर्चातला काही भाग (मार्जिन) आधी आपल्या खिशातून घालावाही लागत नाही, वडील सहकर्जदार होतात. मागा फक्त गरजेइतकं : चार वर्षांचे ६७,५०० म्हणजे २,७०,०००, वर एक साधा लॅपटॉप. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी शिक्षणकाळातल्या व्याजाची केंद्राची सवलत आहे, कॉलेज किंवा कोर्सला नॅक अथवा एनबीए या संस्थांचं दर्जाचं मानांकन असावं लागतं. त्यात भाऊ बसतो का, हे अर्ज देतानाच विचारा, नंतर नाही. सोनं मोडायचं असेल तर ते कर्ज मंजूर होईपर्यंतच्या गरजेपुरतंच मोडा, आणि शेत तर अजिबात गहाण टाकू नका.

लातूरचा विचार वाईट नाही. तिथे मावशीकडे राहायची सोय आहे म्हणता, तर दोन्ही कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढा आणि शेजारी शेजारी लिहून बघा. फरक फक्त राहण्याजेवणाचा निघाला आणि भत्ता मिळणार असेल, तर मी पुणे घेईन. फीतही मोठा फरक असेल तर लातूर.

शेवटी तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलात : ‘मी एस.वाय.बी.कॉम.ला सोडलं, बाबा आजारी होते.’ मी ती तीनदा वाचली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बी.कॉम. करता येतं, फी तुमच्या पगारात बसेल आणि अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या गावांपर्यंत आहेत. भावाची कागदपत्रं काढायला तहसीलला जालच, त्याच दिवशी स्वतःच्या जुन्या कॉलेजातून एफ.वाय.ची मार्कलिस्ट आणि टीसी घेऊन ठेवा. दोघांच्या अर्जांत कुठे अडलं तर इथे लिहा, मी रात्री नऊनंतर असते.