तीन पेन्सच्या पट्टीचा हिशेब आधी मांड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

लंडनच्या गटारांच्या खर्चावरून झालेल्या वादावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पहिलं प्रकरण तू १८५८ च्या उन्हाळ्यातल्या टेम्स नदीच्या दुर्गंधीवर ठेवलं आहेस. ते मागे ने. दुर्गंधीने निर्णय घडवून आणला हे खरं, पण वाद त्याआधी किमान अडीच वर्षं चालू होता आणि तो जवळजवळ सगळा पैशाचा होता.

सुरुवात १८५५ च्या कायद्यापासून कर. त्याने मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स ही ४५ सभासदांची संस्था उभी राहिली. सभासद थेट जनतेने निवडलेले नव्हते. ते पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीनुसार पाडलेल्या भागांच्या) सभा, म्हणजे व्हेस्ट्री, जिल्हा मंडळं आणि सिटी, म्हणजे लंडनचा जुना गाभा, यांनी पाठवलेले होते. म्हणून प्रत्येकाच्या मागे आपापल्या भागातले पट्टी, म्हणजे स्थानिक कर, भरणारे उभे असत. त्याच कायद्यात आणखी एक मेख होती. ५० हजार पौंडांवरच्या कामाला सरकारच्या बांधकाम आयुक्ताची मंजुरी लागे आणि एक लाखावर गेलं की पार्लमेंटची. मुख्य गटारांचं काम लाखांच्या कितीतरी पुढचं. बोर्डाकडे जबाबदारी होती, पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. सभेतली भाषणं हे ध्यानात ठेवून वाच, नाहीतर सभासद उगाच चालढकल करताहेत असं वाटेल.

आता नकाशा घे. लंडनचा, उंचसखल दाखवणारा. बोलणारा सभासद कोणत्या व्हेस्ट्रीचा हे पाहून त्या जागी पेन्सिलने टिंब दे. हॅम्पस्टेडसारख्या उंच भागातल्या माणसाला वाटे, आमचं पाणी आपोआप वाहून जातं, आम्ही पैसे कशाला भरायचे? लॅम्बेथसारख्या सखल भागात टेम्सला भरती आली की गटारांची तोंडं बंद होत आणि मैला उलटा तळघरांत शिरे. पण तुंबणाऱ्या त्या पाण्यात वरच्या भागांचंही पाणी मिसळलेलं असे. सगळ्या शहराकडून एका दराने पट्टी घेण्याचा खरा आधार हा आहे. कोणाच्या दारात घाण दिसते यावर वाटणी केली असती तर ज्यांच्याकडे सर्वांत कमी पैसा त्यांच्यावर सर्वांत मोठा बोजा पडला असता. मला हा मुद्दा तुझ्या प्रबंधाचा कणा वाटतो. त्यावर घाई करू नकोस.

मग उतार. बोर्डाचा मुख्य अभियंता जोसेफ बॅझलजेट याच्या आखणीत मुख्य गटारांना मैलाला निदान २ फूट उतार धरला होता, म्हणजे शंभर मीटरला जेमतेम पावणेचार सेंटिमीटर. याहून सपाट केलं तर वेग मंदावतो, वाळू-गाळ बसतो आणि साफसफाईचा खर्च कायमचा मागे लागतो. उतार दुप्पट केला तर दहा मैलांवर गटाराचं तोंड २० फूट जास्त खोल जातं. खोदाई वाढते, आणि ते पाणी वर उचलायला रोज कोळसा जाळावा लागतो. म्हणून वहीत दोन रकाने कर: एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षीचा खर्च. उत्तरेकडची वरची आणि मधली गटारं नुसत्या उतारावर वाहत; सखल पातळीचं पाणी मात्र अॅबी मिल्सच्या पंपघरात सुमारे ३६ फूट उचलावं लागे. दक्षिणेकडे क्रॉसनेसला पंप. गटाराला अंड्याच्या आकाराचा छेद का, तेही दोन ओळींत सांग: तळ अरुंद असला की थोडं पाणीही जोरात वाहतं, आणि वरचा फुगीर भाग पावसाला उपयोगी पडतो.

बोर्डाचा पहिला आराखडा १८५६ मध्ये सरकारचे बांधकाम आयुक्त सर बेंजामिन हॉल यांनी परत पाठवला, कारण मैला सोडायची जागा शहराला फार जवळ होती आणि भरतीबरोबर तो परत आला असता. त्यानंतर नेमलेल्या परीक्षकांच्या योजनेचा अंदाज ५० लाख पौंडांच्या वर गेला. अडलं इथे: मैला शहरापासून लांब नेण्याचा जादा खर्च शहराच्या पट्टीतून की देशाच्या खजिन्यातून? अंदाजपत्रक उद्धृत करताना तारीख आणि योजना कोणाची हे दरवेळी लिही. वेगवेगळ्या योजनांचे आकडे एकाच ओळीत ठेवले की सगळा युक्तिवाद कोसळतो, आणि ही चूक फार होते.

आता १८५८. अर्थमंत्री डिझरायलीने १५ जुलैला विधेयक मांडलं, २ ऑगस्टला कायदा झाला. ३० लाख पौंडांचं कर्ज, त्याला सरकारी खजिन्याची हमी, आणि फेडीसाठी ४० वर्षं करमूल्याच्या (घराच्या करासाठी धरलेल्या वार्षिक मूल्याच्या) दर पौंडामागे ३ पेन्स पट्टी. शिवाय आराखड्यावरचा सरकारी नकाराधिकारही गेला. आकडे नुसते देऊन थांबू नकोस, त्यांची फोड कर. पौंडात २४० पेन्स, म्हणजे दर सव्वा टक्का. वर्षाला २० पौंड करमूल्य असलेल्या घरावर ६० पेन्स, म्हणजे ५ शिलिंग. हमीचं मोलही काढून दाखव. समान हप्त्यांनी ४० वर्षांत ३० लाख फेडायचे तर ५ टक्के व्याजाने वर्षाला सुमारे १ लाख ७५ हजार पौंड लागतात, ४ टक्क्यांनी सुमारे १ लाख ५२ हजार. एका टक्क्याने वर्षाला २३ हजारांचा फरक! सरकारने रोकड न देता फक्त पाठीशी उभं राहून केवढी मदत होते, ते वाचकाला इथे कळेल. प्रत्यक्षात ३० लाख पुरले नाहीत, खर्च ४० लाखांच्या पुढे गेला, तेही लिही.

एक सावधगिरी. पटकीचं (कॉलऱ्याचं) कारण दूषित पाणी, हे पटून पैसा मंजूर झाला असं लिहू नकोस. बहुतेकांना वाटे, रोग दुर्गंधीच्या हवेने होतो. समज चुकीचा असूनही काम योग्य झालं. १८६६ च्या पटकीच्या साथीत पूर्व लंडनमध्ये पाच हजारांहून जास्त माणसं गेली. त्या भागाची सखल गटारव्यवस्था तेव्हा पुरी झाली नव्हती, आणि अॅबी मिल्स सुरू व्हायला १८६८ उजाडलं. यशाच्या आकड्यांशेजारी हेही ठेव. मैला प्रक्रियेविना ओहोटीला नदीत सोडला जाई, म्हणजे घाण खाली सरकली इतकंच. १८७८ मध्ये प्रिन्सेस अॅलिस ही बोट मैला सोडायच्या जागेच्या परिसरात बुडाली तेव्हा लोकांचं लक्ष तिकडे गेलं, आणि १८८७ पासून गाळ जहाजांनी समुद्रात नेऊ लागले.

मुंबईशी तुलना करायची तर बेतानेच कर. १८६५ च्या कायद्याने मुंबईत कारभार एका आयुक्ताच्या हाती गेला. त्या पदावरच्या आर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चावरून १८७१ मध्ये करदाते उठले, आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. लंडनमध्ये मंडळ होतं पण खर्चाचा अधिकार तोकडा. मुंबईत अधिकार होता पण त्यावर करदात्यांचा लगाम नव्हता. तुलना एवढ्यापुरतीच ठेव. गटारांच्या लांबीरुंदीची तुलना करू नकोस, जमीन आणि पाऊस दोन्ही वेगळे.

पुढच्या खेपेला मला नकाशा, दोन रकान्यांची वही आणि ५ शिलिंगांचा हिशेब पाठव. मजकूर नंतर पाहू.

आशीर्वाद.