जंजिऱ्याची एका दिवसाची गाडी ठरवताना

अलिबागहून गाडी ठरवताना किलोमीटर, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि थांबण्याचे तास आधीच बोलून घ्या. परतल्यावर वाद होतो तो या तासांवरूनच. नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने घेतलीत तर अपघातात विमा अडतो.

अंतर साधारण 50 किलोमीटर, पण रस्ता अरुंद आणि वळणांचा, दोन तास धराच. सकाळी सातला निघून थेट राजपुरी जेट्टी गाठा. काशीद, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट परतीला. दुपारी वारा चढला की किल्ल्याच्या दरवाजाशी होडी हेलकावते, वयस्कांना उतरणं खरंच अवघड जातं. होडीवाले फार वेळ थांबत नाहीत, म्हणून कलालबांगडी तोफ आधी बघा. पाणी सोबत न्या. पावसाळ्यात बेत आखूच नका, किल्ला बंद असतो.